दहा मिलिमीटरचा आठवडा

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. अलास्काच्या मध्यभागी वसलेल्या फेअरबँक्स शहराच्या हवामान अंदाजात अनेकदा सातही दिवस एकच शब्द असतो: सरी. सकाळी ऊन, दुपारी ढग, संध्याकाळी कुठे तरी पावसाची एखादी सर, क्वचित गडगडाट आणि पुन्हा ऊन. समजा, अशा आठवड्याच्या शेवटी पर्जन्यमापकात दहा मिलिमीटर पाणी जमलं. कोकणात जुलैतल्या एका जोरदार सरीत एवढा पाऊस अर्ध्या तासात पडतो आणि त्याची कुणी दखलही घेत नाही. फेअरबँक्समध्ये मात्र मे महिन्याचा सगळा पाऊस सरासरीने जेमतेम पंधरा मिलिमीटर असतो. वर्षभराचा पाऊस आणि बर्फाचं पाणी एकत्र केलं तरी बेरीज तीनशे मिलिमीटरच्या आसपासच राहते.

त्यामुळे वसंताच्या अखेरीस पडणाऱ्या या दहा मिलिमीटरवर तिथलं बरंच काही अवलंबून असतं. दम्याच्या रुग्णाला रात्री झोप लागेल का, डास किती होतील, जुलैत शहरावर धूर साचेल का आणि हजारो वर्षं गोठलेली जमीन किती खोलवर वितळेल, या सगळ्यांचा या पावसाशी संबंध आहे. मात्र आठवड्याच्या बेरजेवरून यातलं फारसं काही कळत नाही. तो पाऊस कोणत्या दिवशी, किती वेळात आणि कोणत्या जमिनीवर पडला, हे पाहावं लागतं.

हिवाळ्यातून थेट उन्हाळ्यात

फेअरबँक्स ६४.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. आर्क्टिक वृत्त तिथून उत्तरेला दोनशे किलोमीटरच्या आसपास राहतं. या पट्ट्याला उपध्रुवीय प्रदेश म्हणतात. कॅनडाचा मोठा भाग, स्कँडिनेव्हियाचा उत्तर भाग आणि सायबेरिया याच पट्ट्यात येतात. लांबलचक, कडाक्याचा हिवाळा आणि लहान पण बऱ्यापैकी उबदार उन्हाळा ही त्याची ओळख. फेअरबँक्समधला आजवरचा नीचांक उणे ५४ अंश सेल्सिअस आहे, तर उच्चांक ३७ अंश. एकाच गावाने नव्वद अंशांचा हा पल्ला पाहिला आहे.

अशा ठिकाणी वसंत फार काळ रेंगाळत नाही. एप्रिलच्या अखेरीस नद्यांवरचा बर्फ फुटतो. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास बर्च आणि अ‍ॅस्पेनच्या झाडांना पालवी फुटते आणि करडे डोंगर चार-पाच दिवसांत हिरवे होतात. महिन्याच्या शेवटी दिवस वीस तासांचा झालेला असतो. सूर्य पहाटे साडेतीनच्या सुमारास उगवतो, मध्यरात्रीच्या आसपास मावळतो आणि मधल्या काळातही पूर्ण अंधार होत नाही. दुपारचं तापमान सोळा ते वीस अंशांवर जातं. मात्र जमीन अजून हिवाळ्यातच असते. वरची वीतभर माती सैल झालेली असते आणि तिच्या खाली बर्फाने घट्ट बांधलेला थर असतो. शहराच्या आसपास अनेक ठिकाणी हा थर उन्हाळ्यातही वितळत नाही. यालाच पर्माफ्रॉस्ट, म्हणजे कायम गोठलेली जमीन म्हणतात.

वर वीस तासांचं ऊन आणि पायाखाली बर्फ, अशा स्थितीत या सरी पडतात.

सरी येतात कुठून?

अलास्काच्या दक्षिणेला प्रशांत महासागर आहे, पण तिथली बाष्पाने भरलेली हवा आतल्या प्रदेशात सहज पोहोचत नाही. मध्ये अलास्का पर्वतरांग आडवी येते. याच रांगेत ६,१९० मीटर उंचीचं डेनाली शिखर आहे. सह्याद्री ओलांडल्यावर पाऊस जसा अचानक कमी होतो, तसंच इथे घडतं. समुद्राकडच्या उतारांवर भरपूर पाणी पडतं आणि पलीकडे कोरडा प्रदेश उरतो. त्यामुळे वसंताच्या अखेरच्या सरींसाठी लागणारं पुष्कळसं बाष्प स्थानिकच असतं. नुकताच वितळलेला बर्फ, भरलेली डबकी आणि तळी, ओली माती आणि नव्या पालवीतून हवेत जाणारं पाणी हा त्याचा साठा.

हे बाष्प वर चढतं ते तापमानातल्या फरकामुळे. जमिनीलगत हवा पंधरा-अठरा अंशांपर्यंत तापलेली असते. त्याच वेळी पाच-साडेपाच किलोमीटर उंचीवर ती उणे वीस अंशांच्या आसपास असू शकते. खालची हलकी हवा वर उसळते, थंड होते आणि तिचे कापसाच्या गोळ्यांसारखे ढग बनतात. अतिथंड हवेचा एखादा भोवरा वरच्या थरात येऊन रेंगाळला, की हा खेळ रोज दुपारी नव्याने सुरू होतो. तो भोवरा पुढे सरकेपर्यंत, कधी कधी आठवडाभर, तो चालू राहतो. घड्याळ पुढे केलेलं असल्यामुळे इथे सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी पावणेदोनच्या सुमारास. त्यामुळे ढग उशिरा वाढतात आणि सरींचा जोर संध्याकाळी चार ते नऊच्या दरम्यान असतो.

महाराष्ट्राला हे चक्र अनोळखी नाही. एप्रिल-मेमधला वळीव याच पद्धतीने तयार होतो. दुपारभर उकाडा, मग काळे ढग, सोसाट्याचा वारा, विजा आणि टपोरे थेंब. एका गल्लीत पाऊस आणि शेजारच्या गल्लीत ऊन हा वळवाचा स्वभाव फेअरबँक्सच्या सरींचाही आहे. फरक आहे तो पाण्याच्या साठ्यात. तिथली हवा इतकी कोरडी असते, की ढगातून निघालेला पाऊस कधी कधी वाटेतच आटून जातो. ढगाखाली पावसाचे करडे पडदे लोंबताना दिसतात, पण जमीन कोरडीच राहते.

म्हणूनच तिथल्या अंदाजात ‘सरींची शक्यता ३० टक्के’ असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ दिवसाचा तीस टक्के वेळ पाऊस पडेल असा नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या व्याख्येनुसार, त्या भागातल्या कोणत्याही एका ठिकाणी किमान पाव मिलिमीटर पाऊस पडण्याची ती शक्यता असते. पाव मिलिमीटर म्हणजे फरशी जेमतेम ओली होईल एवढं पाणी. भारतीय हवामान विभाग चोवीस तासांत अडीच मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडला तरच त्या दिवसाला ‘पावसाचा दिवस’ म्हणतो. त्या मापाने पाहिलं, तर फेअरबँक्सच्या सरींच्या आठवड्यात पावसाचा एकही दिवस नसणं सहज शक्य आहे.

एकाच बेरजेचे दोन आठवडे

हा फरक केवळ व्याख्येपुरता नाही. जंगलाला आग लागेल की नाही, याचा हिशेब त्यावर चालतो.

उपध्रुवीय जंगलाची जमीन आपल्या जंगलापेक्षा वेगळी असते. थंडीमुळे पालापाचोळा लवकर कुजत नाही. वर शेवाळ आणि झाडांच्या सुया, त्याखाली अर्धवट कुजलेला पाचोळा, त्याखाली आणखी जुना, दाबला गेलेला थर. हा गालिचा काही ठिकाणी वीतभर किंवा त्याहूनही जाड असतो. ओला असताना तो स्पंजसारखा पाणी धरून ठेवतो आणि सुकल्यावर सरपणासारखा जळतो.

या गालिच्यातला ओलावा मोजण्यासाठी कॅनडाच्या वनसेवेने एक पद्धत तयार केली आणि अलास्कातही तीच वापरली जाते. तिच्यात तीन थरांचा वेगळा हिशेब ठेवतात. सर्वांत वरचा थर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा. तो अर्ध्या मिलिमीटरहून अधिक पावसाने भिजतो आणि ऊन-वाऱ्यात एका दिवसात सुकतो. मधला थर साधारण सात सेंटिमीटर खोलीपर्यंतचा. एका दिवसात दीड मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला तरच तो भिजला असं धरतात आणि त्याला सुकायला सुमारे दोन आठवडे लागतात. सर्वांत खालच्या थरासाठी ही मर्यादा २.८ मिलिमीटर आहे आणि त्याच्या सुकण्याचा काळ पन्नास दिवसांच्या आसपास आहे. याहून कमी पाऊस झाडांच्या फांद्यांवर आणि वरच्या शेवाळातच अडतो, असं या पद्धतीत गृहीत धरलेलं आहे.

आता दहा मिलिमीटरचे दोन आठवडे शेजारी ठेवून पाहू. पहिल्या आठवड्यात रोज संध्याकाळी १.४ मिलिमीटर पाऊस पडला. सात दिवसांची बेरीज ९.८. रस्ते रोज ओले झाले, लोकांनी छत्र्या उघडल्या आणि पावसाळी आठवडा गेला असं सगळ्यांना वाटलं. जंगलात मात्र रोज फक्त वरचा थर भिजला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुकला. मधल्या आणि खालच्या थरांच्या खात्यावर शून्य पाऊस जमा झाला. दुसऱ्या आठवड्यात सहा दिवस कोरडे गेले आणि एका संध्याकाळी ९.८ मिलिमीटरची एकच सर कोसळली. बेरीज तीच, पण या वेळी पाणी तिन्ही थरांपर्यंत पोहोचलं.

मेच्या अखेरीस खालचा थर सहसा वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने ओला असतो. त्याची सुकण्याची सुरुवात याच दिवसांत होते. त्यामुळे या आठवड्यातल्या सरी मधल्या थराला किती दिवस ओला ठेवतात, यावर जूनच्या पहिल्या पंधरवड्याची मदार असते. अग्निशमन दलाचे हवामानतज्ज्ञ म्हणूनच साप्ताहिक बेरजेवर विसंबत नाहीत. ते रोज दुपारी तापमान, आर्द्रता, वारा आणि चोवीस तासांतला पाऊस अशी चार मापं घेतात आणि तिन्ही थरांचे आकडे नव्याने काढतात.

पाणी आणि ठिणगी एकाच ढगात

सरींच्या आठवड्यात आणखी एक धोका दडलेला असतो. पाऊस देणारा ढग वीजही पाडतो. अलास्कातल्या आगींची संख्या मोजली, तर माणसांमुळे लागणाऱ्या आगी पुष्कळ असतात. कचरा जाळणं, विझवायची राहिलेली शेकोटी ही त्यांची नेहमीची कारणं. पण त्या बहुधा वस्तीजवळ लागतात आणि लवकर आटोक्यात येतात. जळणाऱ्या एकूण क्षेत्रापैकी सुमारे नव्वद टक्के क्षेत्राला कारणीभूत असते ती वीज. विजांचा हंगाम मेच्या अखेरीस सुरू होतो आणि जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत शिगेला पोहोचतो.

वीज झाडावर पडते, बुंध्यावरून खाली उतरते आणि पाचोळ्याच्या थरात शिरते. वर सर पडून गेल्यामुळे ज्वाळा उठत नाहीत. आत मात्र ठिणगी धुमसत राहते, कधी दोन दिवस, कधी आठवडाभर. ऊन वाढून वारा सुटला, की ती पृष्ठभागावर येते. पावसाच्या आठवड्यानंतर लख्ख ऊन पडलेल्या दिवशी अचानक धुराचे लोट दिसतात, ते अनेकदा अशा झाकलेल्या आगीचे. म्हणून तिथले जवान आग विझल्यावरही हातमोजे काढून उघड्या हाताने जमीन चाचपतात. कुठे ऊब लागली, तर तिथे खणतात.

अलास्काचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साडेपाचपट आहे आणि रस्ते मोजके. वस्तीपासून दूरच्या अनेक आगी विझवल्या जात नाहीत, त्यांच्यावर फक्त नजर ठेवली जाते. त्यांना शांत करतो तो पाऊस. तो वेळेवर आला नाही, तर काय होतं याचं उदाहरण म्हणजे २००४चा उन्हाळा. त्या वर्षी अलास्कात सुमारे २६ लाख ७० हजार हेक्टर जंगल जळालं, म्हणजे गोव्याच्या सातपटीहून अधिक क्षेत्र. २०१५मध्ये पुन्हा वीस लाख हेक्टरांहून अधिक जळालं. त्या जूनमध्ये काही दिवसांत हजारो विजा पडल्या आणि शेकडो आगी लागल्या.

फेअरबँक्सभोवती टेकड्या आहेत आणि शहर खोलगट भागात आहे. त्यामुळे वारा पडला, की धूर साचून राहतो. त्यातला सर्वांत घातक भाग म्हणजे पीएम २.५, अर्थात अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण. माणसाच्या केसाची जाडी याच्या वीस-तीसपट असते. हे कण नाकात किंवा घशात अडत नाहीत. ते फुप्फुसांच्या शेवटच्या टोकापर्यंत जातात आणि त्यांतले सर्वांत सूक्ष्म कण रक्तातही उतरू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चोवीस तासांची सरासरी घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. जंगलाच्या धुरात हा आकडा शंभरी सहज ओलांडतो. दमा बळावतो, खोकला लांबतो आणि हृदयविकार असलेल्यांना झटक्याचा धोका वाढतो. लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांना त्रास लवकर होतो. वीस तास उजेडाच्या दिवसांत खिडक्या बंद करून घरात बसावं लागणं हा त्यातला वेगळाच जाच.

पाऊस आणि परागकण

धूर येण्याआधीच इथल्या हवेत आणखी एक गोष्ट असते. बर्चची झाडं पालवीबरोबरच फुलतात आणि त्यांचे परागकण वाऱ्यावर पसरतात. फेअरबँक्सच्या हवेतलं बर्चच्या परागकणांचं प्रमाण जगातल्या सर्वाधिक नोंदींमध्ये गणलं जातं. साऱ्या झाडांना पालवी एकदमच फुटते, त्यामुळे हा हंगाम लहान पण तीव्र असतो. मेच्या अखेरीस तिथे तो ओसरू लागतो. फिनलंडच्या उत्तर भागात, लॅपलँडमध्ये, मात्र बर्च याच सुमारास फुलतो. ज्यांना या परागांची अ‍ॅलर्जी असते, त्यांना शिंका, डोळ्यांची खाज आणि कधी दम लागणं असा त्रास होतो. यांपैकी अनेकांना कच्चं सफरचंद किंवा चेरी खाल्ल्यावर तोंडात खाज सुटते, कारण या फळांतलं एक प्रथिन बर्चच्या परागातल्या प्रथिनासारखं असतं.

पाऊस पडला की हवा धुऊन निघते, हा सर्वसाधारण अनुभव खरा आहे. संथ, तासभर चालणाऱ्या पावसात परागकण खाली बसतात आणि रुग्णांना आराम पडतो. गडगडाटी सरीचं वागणं वेगळं असतं. सर येण्याआधी सुटणारा जोराचा वारा झाडांवरचे परागकण झटकून हवेत उडवतो. शिवाय परागकण पाण्यात भिजला, की फुगून फुटू शकतो. अख्खा परागकण वीस-पंचवीस मायक्रॉनचा असतो, तो बहुतेक वेळा नाकातच अडतो. फुटल्यावर निघणारे कण इतके बारीक असतात, की ते श्वासनलिकेच्या आतल्या फांद्यांपर्यंत पोहोचतात. पाऊस थांबल्यावरही काही तास ते हवेत राहू शकतात.

याचा सर्वांत भीषण दाखला ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये मिळाला. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी तिथे वादळी वाऱ्यासह गडगडाट झाला आणि राय नावाच्या गवताच्या परागांमुळे हजारो लोकांना एकाच रात्री श्वासाचा त्रास सुरू झाला. दहा जणांचा मृत्यू झाला. असा उद्रेक विरळा असतो आणि त्याच्या नोंदी प्रामुख्याने गवताच्या परागांबाबतच्या आहेत. तरीही परागांच्या हंगामात मेघगर्जनेचा अंदाज असेल, तर दम्याच्या रुग्णांनी सर येण्याआधीच घरात जावं, खिडक्या बंद ठेवाव्यात आणि इनहेलर हाताशी ठेवावा, असं डॉक्टर सांगतात. इथेही आठवड्याच्या एकूण पावसापेक्षा तो कसा आला हे महत्त्वाचं ठरतं.

डबकी आणि गारठा

पर्माफ्रॉस्टचा एक परिणाम चटकन डोळ्यांना दिसतो. पाणी मुरत नाही. इतक्या कमी पावसाच्या प्रदेशात एवढी डबकी आणि दलदल कशी, याचं हेच उत्तर आहे. अलास्कात डासांच्या पस्तीसच्या आसपास प्रजाती आहेत. काही डास प्रौढ अवस्थेत हिवाळा काढून बर्फ वितळताच बाहेर पडतात. ते मोठे आणि संथ असतात. मेच्या अखेरीस येणारी खरी फौज मात्र बर्फाच्या पाण्यात फुटलेल्या अंड्यांमधून येते. त्या अळ्यांचं भवितव्य डबकं किती दिवस टिकतं यावर ठरतं. कोरडा आठवडा गेला, तर लहान डबकी आटतात आणि अळ्या मरतात. रोजच्या हलक्या सरी जंगलाच्या मधल्या थराला पुरत नसल्या, तरी डबकी भरलेली ठेवायला त्यांचा हातभार लागतो. मलेरिया आणि डेंगी इथे स्थानिक नाहीत. त्रास असतो तो मुख्यतः असंख्य चाव्यांचा, खाजेचा आणि लहान मुलांमध्ये खाजवून होणाऱ्या जखमांचा.

बाहेर फिरणाऱ्यांसाठी दुसरा धोका गारठ्याचा. दुपारी अठरा अंशांत सुती कपड्यांवर निघालेला माणूस सरीत भिजतो, वारा सुटतो आणि तासाभरात तापमान सात-आठ अंशांवर येतं. हवेच्या तुलनेत पाणी शरीराची उष्णता सुमारे पंचवीसपट वेगाने खेचून घेतं. शरीराचं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं, की हायपोथर्मिया सुरू होतो. त्यासाठी बर्फच पडायला हवा असं नाही. थरथर, अडखळती चाल, बोलण्यात गोंधळ ही त्याची सुरुवातीची लक्षणं. अशा वेळी भिजलेले कपडे काढून कोरडे चढवणं आणि वाऱ्यापासून आडोसा शोधणं हा पहिला उपाय. ओला सुती कपडा ऊब देत नाही, लोकर थोडी तरी देते, हे तिथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं.

पाऊस खोलवर गेला तर

आगीचा आणि धुराचा विचार केला, तर वसंताच्या अखेरीस दणकून पाऊस पडावा असंच कुणालाही वाटेल. पण जमिनीच्या खाली हिशेब उलटा होतो.

पावसाचं पाणी स्वतःबरोबर उष्णता नेतं. हवेच्या तापमानाचं पाणी गोठलेल्या मातीत झिरपलं, की ती ऊब खालच्या बर्फाला मिळते. अमेरिकी लष्कराच्या शीत प्रदेश संशोधन प्रयोगशाळेतले थॉमस डग्लस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेअरबँक्स परिसरात अनेक उन्हाळे जमीन किती खोल वितळते हे मोजलं. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, उन्हाळ्यात सरासरीपेक्षा एक सेंटिमीटर जास्त पाऊस पडला, की जमीन सरासरी ०.७ सेंटिमीटर अधिक खोल वितळते. या जमिनीवर रस्ते आणि घरं उभी आहेत. खालचा बर्फ गेला, की माती खचते, घरांचे कोपरे खाली बसतात आणि स्प्रूसची झाडं झिंगल्यासारखी वाकडीतिकडी झुकतात.

दुसरा अभ्यास तर नेमका वसंतातल्या पावसाचाच आहे. फेअरबँक्सपासून तीसेक किलोमीटरवर एक दलदल आहे. पर्माफ्रॉस्ट वितळून खचलेल्या जागी ती तयार झाली आहे. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या रिबेका न्यूमन यांच्या गटाने २०१४ ते २०१६ या काळात तिथून किती मिथेन बाहेर पडतो, ते मोजलं. २०१६चा वसंत पावसाळी होता. त्या वर्षी मिथेनचं उत्सर्जन आधीच्या दोन वर्षांपेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी वाढलं. कारण असं, की आजूबाजूच्या गोठलेल्या जमिनीवर पडलेलं पाणी मुरू शकत नव्हतं. ते वाहत जाऊन सखल दलदलीत साचलं. कोमट पाण्याने तिथली माती एरवीपेक्षा लवकर उबदार झाली. लव्हाळ्यासारख्या वनस्पती जोमाने वाढल्या. त्यांच्या मुळांमधून मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांना अन्न मिळालं आणि तयार झालेला वायू त्याच वनस्पतींच्या पोकळ देठांतून वर आला. तेच पाणी उन्हाळ्यात उशिरा पडलं असतं, तर एवढा फरक झाला नसता, कारण तोपर्यंत दलदल तापलेलीच असते.

शंभर वर्षांच्या काळात मिथेनची तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८पट असते. उत्तर गोलार्धातल्या गोठलेल्या जमिनींमध्ये अंदाजे दीड लाख कोटी टन कार्बन साठलेला आहे. हे प्रमाण आजच्या वातावरणातल्या कार्बनच्या जवळपास दुप्पट भरतं. म्हणून फेअरबँक्सच्या बाहेरच्या एका दलदलीतला पाऊस तिथल्यापुरता राहत नाही. त्यातून सुटलेला वायू रत्नागिरीच्या आणि नागपूरच्या हवेतही मिसळतो.

थोडक्यात, पाऊस कमी पडला तर वरचा थर जळतो आणि जास्त पडला तर खालचा थर वितळतो. आगीत शेवाळाचं पांघरूण जळून गेलं, तर उघडी पडलेली काळी जमीन ऊन शोषते आणि पर्माफ्रॉस्ट आणखी वेगाने वितळतो. अलास्का उर्वरित अमेरिकेच्या दुपटीहून अधिक वेगाने तापत असल्याने या दोन्ही बाजूंचा ताण वाढतो आहे.

आठवडा संपल्यावर

जमिनीच्या पोटातलं हे गणित सामान्य माणसाच्या हातात नाही. वरचं मात्र थोडंफार आहे आणि सरींचा आठवडा त्यासाठी सोयीचा असतो. तिथल्या अग्निशमन यंत्रणा लोकांना याच काळात घराभोवतीचं वाळकं गवत आणि फांद्या काढायला, छपरावरचा आणि पन्हळीतला पाचोळा साफ करायला, जळाऊ लाकडांची रास भिंतीपासून दहा मीटर दूर हलवायला सांगतात. आरोग्य विभागांचा सल्ला वेगळा, पण वेळ तीच. निदान एका खोलीत हवा गाळणारं यंत्र असावं, त्याची जाळी बदललेली असावी, घरात चांगल्या प्रतीचे एन-९५ मास्क असावेत, कारण साधा कापडी मास्क पीएम २.५ अडवत नाही. दम्याच्या आणि हृदयाच्या रुग्णांनी महिन्याभराची औषधं भरून ठेवावीत.

कारण भोवरा पुढे सरकतो आणि आकाश निवळतं. वरचा थर दुसऱ्याच दिवशी सुकतो, मधल्या थराचे दोन आठवडे सुरू होतात आणि विजांचा हंगाम जवळ येत असतो. पर्जन्यमापकात दहा मिलिमीटरची नोंद झाली, हे पाहून निर्धास्त होणारे तिथे फार कमी असतात. अनुभवी माणसं आधी विचारतात, ते दहा मिलिमीटर एका दिवसात पडले की सात दिवसांत. मगच ती लाकडांची रास हलवायची घाई करायची का, ते ठरवतात.